रिपोर्ट चांगला, तरी हे गप्प का?

"डॉक्टर म्हणतात पीएसए शून्याच्या जवळ आलाय. मग हे कुणाशी धड बोलत का नाहीत?" कॅन्सरमुळे नवऱ्याची प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढल्यावर काही महिन्यांनी बऱ्याच बायका हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. (पीएसए म्हणजे प्रोस्टेटचं रक्तात सापडणारं प्रथिन; ऑपरेशननंतर ते शून्याजवळ आलं की रिपोर्ट चांगला.) या काकूही तशाच आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकू बाहेर गेल्यावर काका म्हणाले, "खुर्चीतून उठलो की गळते. खोकला आला तरी." म्हणून गडद पँट, बाहेर जायचं तर सकाळपासून पाणी बंद, कुठेही गेलं तरी दाराजवळची जागा. पॅड वापरतात हे काकूंना ठाऊकच नव्हतं. कागदात गुंडाळून स्वतःच गुपचूप टाकून येत.

पाणी तोडणं हा बहुतेकांचा पहिला उपाय, आणि नेमका उलटा. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चाळवतं. प्रोस्टेट काढल्यावर लघवी धरून ठेवायचा भार ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंवर येतो. त्यांचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावेत. नाहीतर माणूस पोट आवळतो, श्वास कोंडतो आणि "करतोय की" म्हणतो. बहुतेकांचं गळणं ३ ते १२ महिन्यांत बरंच आटोक्यात येतं. रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी अडकली, तर मात्र माझ्याकडे नाही, तडक डॉक्टरांकडे.

पण काकांचं खरं दुखणं वेगळं होतं. ते दुसऱ्या खोलीत झोपायला लागले होते. "आता माझा काय उपयोग?"

लिंगाच्या ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला अगदी खेटून जातात. ऑपरेशनमध्ये वाचवल्या तरी त्या दुखावतात, आणि सावरायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. सगळ्यांचं पूर्ववत होतंच असं नाही, आणि तसं खोटं आश्वासन मी देत नाही. गोळ्या, पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत. हृदयासाठी नायट्रेट (छातीत दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर ताठरतेच्या गोळ्या जिवावर बेततात, म्हणून मित्राच्या खिशातली गोळी नकोच. वीर्य येत नाही, तरी सुखाची संवेदना येऊ शकते. हे ऐकून काकांनी पहिल्यांदा वर पाहिलं. ऑपरेशनआधी कुणी सांगितलंही असेल. तेव्हा डोक्यात फक्त कॅन्सर होता.

(कॅन्सरसाठी पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांचं आणखी निराळं: इच्छाच मावळते, अंगातून वाफा निघतात, बायकांना पाळी जाताना निघतात तशा. "ह्यांना आता माझं दुखणं कळलं," असं एक काकू हसत म्हणाल्या होत्या.)

पुढच्या भेटीत दोघं समोरासमोर बसले. काकांनी अडखळत सांगितलं. काकू रडल्या, मग चिडल्या. "मला वाटत होतं, मीच नकोशी झालेय!"

खोली लगेच एक झाली नाही. पण गोळ्यांबद्दल सर्जनना विचारायचं ठरलं. विचारणार काकू, काका तिथे पुन्हा "सगळं ठीक आहे" म्हणून उठतील, अशी त्यांना खात्रीच आहे.