पार्किन्सन स्टेम सेल उपचाराने बरा होतो का?
आपल्या वडिलांना पार्किन्सन असून एका दवाखान्याने त्यांना शिरेतून स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) देण्याचे सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. कृपया त्यासाठी पैसे भरू नका. या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामाइन (हालचालींवर नियंत्रण ठेवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून शर्टाचे बटण लावतानाही बोटे अडखळतात. जपानमधील क्योतो विद्यापीठात दात्याच्या आयपीएस पेशींपासून (सामान्य पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा स्टेम सेलसारखे बनवून मिळवलेल्या पेशी) डोपामाइन पेशींच्या पूर्वपेशी तयार करून त्या शस्त्रक्रियेने ७ रुग्णांच्या थेट मेंदूत सोडण्यात आल्या. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, आणि परिणाम तपासलेल्या ६ जणांपैकी ४ जणांच्या हालचाली औषधाचा अंमल नसतानाही सुधारल्या. हे मनापासून आनंद वाटावा असे यश आहे, मात्र रुग्ण मोजके होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. शिरेतून दिलेल्या पेशी तर बहुतांशी फुप्फुसांतच अडकतात. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सनसाठी स्टेम सेल उपचार केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. तेव्हा त्या दवाखान्याकडे चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, आणि चालू गोळ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय बंद करू नका.