रेडिओ बंद झाला की कळतं

"ताई, सहा वर्षं आम्ही बापलेक बेसबॉलच्या मॅचेस बघत गावोगाव फिरलो. १८ मैदानं झाली. १२ राहिली आणि आता तो म्हणतो, तू एकटा जा. काय चुकलं माझं?"

हे विचारणारे बाबा न्यू जर्सीत राहतात, मुलगा चौदाचा. दोघांच्या परवानगीनं हे लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पण "काय चुकलं माझं" हे तीन शब्द माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी उच्चारतंच. बेसबॉलच्या जागी कधी कॅम्पिंग असतं, कधी बुद्धिबळाच्या स्पर्धा. दहा-बारा वर्षांपर्यंत मूल आपल्या मागे मागे येतं आणि एका शनिवारी सकाळी गाडीत बसायलाच नाही म्हणतं. मग आईवडिलांना वाटतं, आजवरचं सगळं खोटंच होतं की काय.

पहिल्या भेटीला बाबा कापडी पिशवी घेऊन आले. आत सहा स्कोअरबुकं, २०१८ ते २०२३, दर हंगामाला एक. त्यांनी ती माझ्या टेबलावर रचून ठेवली, जणू कोर्टात पुरावे मांडताहेत.

मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून आधी थोडी शिकवणी घ्यावी लागली. मेजर लीग, म्हणजे तिथली सर्वोच्च व्यावसायिक लीग, तिच्यात ३० संघ. प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. आणि मैदानं एकासारखी दुसरी नाहीत. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ सालचं, त्याची डावीकडची हिरवी भिंत ३७ फूट उंच. शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ चं, तिथल्या विटांच्या भिंतीवर वेल चढलेली. भिंती किती लांब असाव्यात, किती उंच असाव्यात, हे जागेनुसार बदलतं. म्हणूनच सगळी तीसच्या तीस मैदानं बघायची, असा ध्यास इथे बऱ्याच कुटुंबांनी घेतलेला असतो. अष्टविनायक करतात तसंच, फक्त विनायक तीस आणि मधली अंतरं हजार-हजार मैलांची.

बाबांचं बोलणं ऐकून मी जो सल्ला दिला तो आधी सांगून टाकते, कारण तो चुकला. मी म्हटलं, "चौदा वर्षांचा आहे, या वयात मुलं दूर सरकतातच. थोडं मोकळं सोडा." पुस्तकी आणि सुरक्षित वाक्य. मुलाला न भेटताच बोलले. बाबांनी त्याचा अर्थ असा घेतला की मे महिन्यातल्या रिग्लीच्या मॅचची तिकिटं विकून टाकली आणि जेवताना घरात जाहीर केलं, "तुझी सुटका केली." मुलगा ताटावरून उठून गेला.

पुढच्या आठवड्यात तो मला भेटायला आला, जरा घुश्शातच. मराठी समजतं, बोलताना निम्मं इंग्रजी. मी विचारलं, "तुला जायचंच नव्हतं ना?"

"मला रिग्लीला जायचं होतं," तो म्हणाला. "मला सगळीकडे जायचं नव्हतं."

या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. 'जायचं नाही' आणि 'सगळीकडे जायचं नाही' ही दोन वाक्यं मोठ्या माणसांना एकच वाटतात. मुलाच्या 'नको'ला आपण पूर्ण नकार समजतो आणि एकतर हट्टाला पेटतो, नाहीतर सगळंच मोडीत काढतो. कशाला नको म्हणतोयस, हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून मी उलटं विचारलं. या सहा वर्षांत सगळ्यात मजा कधी आली? मला वाटलं, फेनवे म्हणेल, नाहीतर हॉल ऑफ फेम असलेलं कूपर्सटाउन.

तो म्हणाला, "२०२०."

मी चक्रावले. २०२० म्हणजे करोनाचं वर्ष. हंगाम जुलैच्या अखेरीस सुरू झाला, १६२ ऐवजी ६० सामन्यांचा, आणि त्या साऱ्या सामन्यांत स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते. खुर्च्यांत पुठ्ठ्याची माणसं, स्पीकरवर ध्वनिमुद्रित आरडाओरडा. बापलेक तर न्यू जर्सीबाहेर पडलेसुद्धा नव्हते. सोफ्यावर बसून टीव्हीवर सामने बघायचे, मधे स्कोअरबुक. "बाबा मला विचारायचा, हे काय लिहू?" मुलगा म्हणाला.

तेव्हा मी ती पुस्तकं पुन्हा काढली आणि या वेळी नीट पाहिली.

बेसबॉलचं स्कोअरबुक ही मोठी गोड चीज आहे. नऊ जागांना नऊ आकडे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजवीकडचा आउटफील्डर ९. शॉर्टस्टॉपनं (६) चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर (४) दिला, तिथून तो पहिल्या बेसवर (३) गेला आणि दोघं बाद झाले, की लिहायचं ६-४-३. बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी 'के' अक्षर. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला, तर तेच 'के' आरशात बघितल्यासारखं उलटं. वर्षांनंतरही पान उघडलं की तो सामना चेंडू-चेंडूनं परत मांडता येतो. त्यात अक्षर कुणाचं, हेही दिसतं.

२०१८ च्या पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर आठ वर्षांच्या मुलाच्या हातची यादी होती: १ ते ९ आकडे, पुढे जागा, आणि खाली 'बाबासाठी'. म्हणजे बेसबॉल घरात आणला होता मुलानं, शाळेतून. बाबा मूळचे क्रिकेटवाले. "नुसते फुलटॉस टोलवायचे, याला काय खेळ म्हणायचं?" असं म्हणून आधी हसले होते, हे त्यांनीच सांगितलं. मग लेकाकडून शिकायला बसले. २०१९ मध्ये एक ओळ याची, एक ओळ त्याची. २०२० च्या पुस्तकात जवळजवळ सगळं मुलाचं अक्षर, मधे बाबांची प्रश्नचिन्हं.

२०२१ पासून बाबांचं अक्षर वाढत गेलं. मुलाच्या नोंदी खोडून वर नव्यानं लिहिलेल्या. २०२३ च्या अख्ख्या पुस्तकात मुलाच्या हातचं काहीही नव्हतं.

यात वाईट हेतू शोधायला जाऊ नका. बाबांना गोडी लागली, त्यांनी मन लावून अभ्यास केला आणि ते लेकापेक्षा पुढे गेले. हुशार आईबापांचं हे दुखणंच आहे. मुलाची आवड आपण इतक्या प्रेमानं उचलून धरतो की ती त्याच्या हातातून निसटून आपल्या हातात कधी आली, ते कळतही नाही. वर करोनानं एक वर्ष खाल्लेलं, ते 'भरून काढायचं' होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात ते पिट्सबर्गला गेले होते. तिथे स्टेडियमसमोर नदीवर एक पूल आहे, पिट्सबर्गचाच जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याच्या नावाचा. मॅचच्या दिवशी तो गाड्यांना बंद करून लोकांना चालायला मोकळा ठेवतात. क्लेमेंटेचे हिट, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, नेमके ३,०००. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान १९७२ च्या ३१ डिसेंबरला समुद्रात कोसळलं. मुलानं त्याच्यावर शाळेत प्रकल्प केला होता. त्याला सामना संपल्यावर त्या पुलावरून चालायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी क्लीव्हलंडची मॅच होती, दोन तासांवर. बाबा म्हणाले, पूल काय, गाडीतूनही दिसेल.

तीन वर्षांनी मला हे सांगताना मुलाचा आवाज चढला नव्हता. बाबांना तर तो प्रसंग आठवतही नव्हता. त्यांच्या लेखी त्या दोन दिवसांत दोन मैदानं झाली होती.

"आणि खोडाखोड?" मी विचारलं. ती 'एरर'वरून होती. फटका बसून बॅटर बेसवर पोचला, तर तो त्याचा हिट की क्षेत्ररक्षकाची चूक, हे बेसबॉलमध्ये अधिकृत स्कोअरर ठरवतो. क्रिकेटच्या स्कोअरकार्डात अशी चूक नावावर चढत नाही. इथे कसोटी अशी की साधारण प्रयत्नात तो चेंडू अडवता आला असता का. अचाट प्रयत्नाची अपेक्षाच नाही. मुलगा मनानं हिट लिहायचा. फलकावर एरर आलं की बाबा खोडायचे. "नियम नियम आहे," असं बाबांचं म्हणणं. मुलाचं म्हणणं, "पण ते माझं पुस्तक होतं ना?"

एवढ्यावर भागलं असतं तरी त्यानं कदाचित चालवून घेतलं असतं. खरी गोष्ट शेवटी आली, तीही दाराशी, जाता जाता. मुलं महत्त्वाचं नेहमी दाराशीच बोलतात. तो म्हणाला, "काकू, गाडीत बाबा रेडिओ बंद करतो ना, तेव्हा मला कळतं."

काय कळतं? तर आता मार्कांचं निघणार. गणित, ऑनर्स क्लास, फोनवरचा वेळ, गेल्या महिन्यात आजीशी नीट का बोलला नाहीस. बाबांना घरी वेळ मिळत नाही, गाडीत चार तास मिळतात, आणि मूल उठून जाऊ शकत नाही. आम्ही समुपदेशकच सांगतो की गाडीत समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे मुलं मोकळी होतात. खरं आहे ते. पण मोकळं व्हायचं की नाही हे मूल ठरवणार असेल, तर. ताशी ७० मैलांनी जाणाऱ्या गाडीचं दार उघडता येत नाही, म्हणून सुरू केलेल्या संभाषणाला उलटतपासणी म्हणतात. त्या मुलाला बेसबॉलचा कंटाळा आला नव्हता, बाबांचाही नाही. ज्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना परीक्षा आहे, तो त्याला नको होता.

बाबांना हे सांगणं सोपं गेलं नाही. ते आधी चिडले ("मग बोलायचं कधी?"), मग खूप वेळ गप्प बसले. 'मग बोलायचं कधी' हा प्रश्न रास्तच होता. त्यासाठी आम्ही रविवार सकाळचा अर्धा तास ठरवला, घरात, स्वयंपाकघरात, मुलाला आधी माहीत असलेला. गाडी मार्कांपासून मुक्त. पुढची सहल मुलगा ठरवणार, कंटाळा आला तर सामना अर्ध्यात सोडून निघायची मुभा त्याला, मित्राला आणायचं तर आणेल. आणि पेन्सिल त्याची. मैदानांचा आकडा वर्षभर मोजायचा नाही, हे मात्र माझ्या आग्रहावरून. बाबांना ते सगळ्यात जड गेलं.

पोरानं काय निवडलं असेल? ऑगस्टमधली लिटल लीग वर्ल्ड सिरीज. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट परिसरात १९४७ पासून होते, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची. प्रवेश फुकट. आउटफील्डमागे हिरवी टेकडी आहे, तिच्यावरून पोरं पुठ्ठ्यावर बसून घसरत येतात.

"पण हे तीसमध्ये धरता येत नाही!" बाबा फोनवर मला म्हणाले. मग स्वतःच हसले.

ऑगस्टअखेरीस ते एकटे आले. नवं पुस्तक दाखवायला आणलं होतं. पानभर मुलाचं तिरकं अक्षर, एका ठिकाणी शाई पसरलेली. चौथ्या इनिंगमध्ये एका चौकटीत त्यानं हिट लिहिलं होतं. "चूक आहे," बाबा मला बोट ठेवून म्हणाले, "सरळ सरळ एरर होता तो." खोडलेलं मात्र नव्हतं.

परतीच्या वाटेवर ते आय-८० वरून येत होते. रेडिओवर न्यू यॉर्कच्या मेट्स संघाची मॅच लागली होती. डेलावेअर वॉटर गॅप जवळ आलं तेव्हा मुलगा आपणहून म्हणाला की शाळेच्या संघाच्या निवडीला त्याला या वर्षी जायचं नाही, आणि हे तो दोन महिने सांगेन सांगेन म्हणत होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही. रेडिओचा आवाज थोडा कमी केला," बाबा म्हणाले. "बंद नाही केला."