डॉटनंतरची दोन अक्षरं कुणाची?

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपची साइट डॉट आयओवर न्यायचं चाललंय, हवं ते नाव मोकळं आहे आणि दिसतंही भारी. पण मित्र म्हणतो ते एका देशाचं डोमेन आहे, उद्या देशच राहिला नाही तर? हे कोड चालवतं तरी कोण?

उत्तर : मित्राचं चुकत नाहीये, जरा घाबरवतोय एवढंच. डॉटनंतर दोनच अक्षरं दिसली की समजायचं हे कुठल्यातरी देशाचं किंवा प्रदेशाचं. अक्षरं येतात आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीतून, इंटरनेटवाले स्वतः ठरवत नाहीत. जॉन पोस्टेल म्हणून एक गृहस्थ सुरुवातीला हे सगळं सांभाळायचे, त्यांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलं की देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवणं आमचं काम नाही, यादी बघा. शहाणा माणूस! (ब्रिटन मात्र यादीत जीबी असून यूके वापरतो, सवय लागली ती लागली.)

इंटरनेटवरच्या या सगळ्या कोडची मुख्य नोंद आयाना नावाची संस्था ठेवते, म्हणजे कुठल्या कोडची रजिस्ट्री (त्या कोडखालची नावं नोंदवणारी संस्था) कोण आणि तिचे नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर) कुठले, बस एवढंच. खालचा कारभार ज्याच्या त्याच्या रजिस्ट्रीचा. जर्मनीचं डॉट डीई डेनिक नावाची सहकारी संस्था चालवते, डॉट यूके नॉमिनेट बघतं. रजिस्ट्रीकडे एक मोठी वही आहे असं समजा. तुम्ही पैसे भरता ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव काढून देणाऱ्या कंपनीकडे, तो वहीवाल्याला विचारतो नाव मोकळं आहे का, असेल तर तुमचं नाव आणि नेमसर्व्हर चढतात आणि ठरलेल्या वर्षांसाठी नाव तुमचं. विकत नाही हो, भाड्याने.

आता आयओ. हा कोड ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीचा, म्हणजे चागोस बेटांचा, आणि ती मॉरिशसला द्यायच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये सही केली म्हणून ही चर्चा. पण समजा कोड यादीतून निघाला तरी डोमेन एका रात्रीत जात नाही, आयकॅन (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था) हिच्या नियमाने बंद करायला साधारण पाच वर्षं देतात, मुदत वाढूही शकते. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू देश संपल्यावरही २०१० पर्यंत चालू होतं. सोव्हिएत युनियनचं डॉट एसयू तर अजून आहे!

मला विचाराल तर देश जाण्यापेक्षा देशाचे नियम जास्त नडतात. २०१० मध्ये लिबियाने डॉट एलवायवरची एक लिंक छोटी करणारी साइट काढून घेतली, मजकूर तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या कितीतरी जणांची डॉट ईयू नावं गेली कारण पत्ता युरोपियन युनियनच्या बाहेर पडला. तेव्हा नाव घ्यायच्या आधी त्या रजिस्ट्रीची नियमांची पानं वाचा, कंटाळवाणी असतात पण वाचाच.

प्रश्न : डॉट एआय म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्सचंच ना?

उत्तर : नाही, कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. लॉटरीच लागली त्यांना, २०२३ मध्ये सरकारच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा या नावांच्या फीमधून आला.

प्रश्न : साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलंय, पैसे मात्र मी भरते. आता तो फोन उचलत नाही. नाव कुणाचं?

उत्तर : कटू आहे पण वहीत ज्याचं नाव त्याचं. आधी हूइज (डोमेनची नोंद दाखवणारी सोय) काढून बघा, रजिस्ट्रंटच्या म्हणजे नावाच्या मालकाच्या ओळीत काय लिहिलंय ते, बऱ्याच रजिस्ट्री आता व्यक्तीचं नाव लपवतात, मग रजिस्ट्रारलाच विचारायचं. पावत्या आणि त्याच्याशी झालेले मेसेज जपून ठेवा, वाद रजिस्ट्रीपर्यंत गेला तर तेच कामाला येतात. फोन उचललाच तर नुसता ट्रान्सफर कोड घेऊन खुश होऊ नका, त्याने फक्त रजिस्ट्रार बदलतो. रजिस्ट्रंट बदलणं हे वेगळं काम, ते आधी करून घ्या.

आणि नाव तुमच्याकडे आलं की खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. रिन्यू करायचं राहिलं की डोमेन बंद, डोमेन बंद म्हणजे ईमेल बंद, आणि रिन्यूची आठवण आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही त्याच बंद पत्त्यावर जातात. मी स्वतः हे केलंय, अकरा दिवस साइट बंद होती.