पान सुटण्याची वेळ

ऑनलाइन पत्रकारितेबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी रागावलेली होती. मी १९ वर्षं एका दैनिकात रात्रपाळीची उपसंपादक होते आणि पुढची ११ वर्षं वेब डेस्कवर. त्यामुळे या रागातला काही वाटा माझ्या नावावर पडतो, हे आधीच कबूल करते. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : छापलेली बातमी वेबसाइटवर टाकली की ती ऑनलाइन पत्रकारिता झाली का? की हे वेगळंच प्रकरण आहे? (पत्रकारितेचा विद्यार्थी)

सुरुवातीला होतं ते तेवढंच. १९८० साली अमेरिकेतल्या ‘कोलंबस डिस्पॅच’ने कॉम्प्युसर्व्ह या सेवेमार्फत आपला मजकूर लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पोचवायला सुरुवात केली. मग इतर काही दैनिकांनीही तो प्रयोग केला. त्याबद्दल १९८१ साली टीव्हीवर एक बातमी लागली होती, तिच्यातला हिशेब गमतीचा आहे. टेलिफोनच्या तारेवरून अख्खा अंक उतरवायला दोन तासांहून जास्त वेळ लागायचा आणि तासाला ५ डॉलर पडायचे. रस्त्यावर तोच अंक २० सेंटला मिळत होता. छापणाऱ्यांनी पांघरूण घेऊन निवांत झोपावं, असाच तो हिशेब. एप्रिल १९९३ मध्ये ‘सर्न’ या युरोपातल्या विज्ञान संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं आणि झोप मोडली. १९९४ पासून ‘पालो आल्टो वीकली’सारखी छोटी साप्ताहिकंही वेबवर दिसू लागली. पण तीही छापलेलाच मजकूर फावड्याने ओढून तिकडे टाकत होती. अशा मालाला ‘शॉव्हलवेअर’ असंच नाव पडलं.

फरक कुठे पडला, ते एका साध्या बातमीवरून सांगते. समजा, एका पुलाला तडा गेला. दैनिकात वार्ताहर दिवसभर फिरून संध्याकाळी यायचा, चाळीस ओळींची कॉपी द्यायचा, आम्ही ती कापून तीस ओळींची करायचो, मथळा द्यायचो आणि रात्री साडेबाराला पान सुटायचं. पान सुटलं म्हणजे छपाईला गेलं. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. वेबवर तीच बातमी सकाळी दहाला दोन ओळींची असते. सव्वादहाला फोटो येतो, अकराला अभियंत्याचं म्हणणं येतं, बाराला ते म्हणणं खोडणारं दुसरं म्हणणं येतं. दुपारी एक वाचक पुलाच्या खालून काढलेला फोटो पाठवतो, तो आमच्या फोटोपेक्षा बोलका असतो. जुन्या तपासणीचा अहवाल बातमीतच जोडता येतो, म्हणजे वाचक आमच्यावर विश्वास न ठेवताही खातरजमा करू शकतो. ही सोय छापील पानाला कधीच नव्हती. फक्त या बातमीचं पान कधीच सुटत नाही. झालं, आता घरी जा, असं कुणी म्हणत नाही. माझ्या मते दोन्ही माध्यमांत मुख्य फरक हाच, बाकीचे त्याच्या पोटात येतात.

प्रश्न : आम्ही दैनिक विकत घेतो, तरी ती तोट्यात असल्याचं ऐकतो. मोबाइलवर फुकट वाचणाऱ्यांमुळेच ना? (निवृत्त लेखापाल)

फुकट वाचणाऱ्यांना उगाच बोल लावू नका. बातमीचे पुरते पैसे वाचकाने क्वचितच दिले आहेत. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये इतर पत्रं सहा सेंटला असताना बेंजामिन डे यांनी ‘सन’ एका सेंटला काढलं. खप वाढला आणि उरलेले पैसे जाहिरातदारांनी दिले. पुढे जगभर बहुतेक दैनिकांचा संसार याच रीतीवर चालला.

त्यातही खरा आधार छोट्या जाहिरातींचा. भाड्याने देणे आहे, विकणे आहे, पाहिजेत. आम्ही डेस्कवाले त्या पानांकडे ढुंकूनही बघत नव्हतो. जाहिरात विभागातला मुलगा रात्री नऊला ती पानं घेऊन आला की ‘ठेव तिकडे’ म्हणून परत मान खाली. आमच्या पगाराचा मोठा भाग त्या पानांतून येत होता, हे मला कळलं तेव्हा दोन पानांचं एक आणि एकाचं अर्धं झालं होतं. नंतर तो मुलगाही यायचा बंद झाला.

ही पानं गेली कुठे? १९९५ साली अमेरिकेत क्रेग न्यूमार्क यांनी ओळखीच्या लोकांसाठी एक ईमेल यादी सुरू केली. तिचीच पुढे ‘क्रेग्जलिस्ट’ ही वेबसाइट झाली आणि तिथे बहुतेक जाहिराती फुकट टाकता येत होत्या. या गृहस्थांनी बातमीची एक ओळ छापली नाही, कुणाचा वार्ताहर पळवला नाही. तरी वर्तमानपत्रांच्या मुळावर जी काही थोडी माणसं आली, त्यांत त्यांचं नाव वर लागतं. पुढे मोठ्या जाहिराती गूगल आणि फेसबुककडे वळल्या. तुम्ही लेखापाल आहात म्हणून आकडे देते. अमेरिकेतल्या दैनिकांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५ साली सुमारे ४,९०० कोटी डॉलर होतं, २०२० पर्यंत ते हजार कोटींच्या खाली आलं. दैनिकांच्या संपादकीय विभागांत २००८ साली तिथे सुमारे ७१ हजार माणसं होती, २०२० साली सुमारे ३१ हजार उरली.

गेलेल्या माणसांत कोण होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे न्यायालयाची बातमीदारी करणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. दिवसभर कोर्टात बसून यायचे आणि विचारलं की म्हणायचे, ‘तारीख पडली.’ आठवड्यातले चार दिवस हेच उत्तर. हिशेबाच्या नजरेने चार दिवस वाया गेले. पण पाचव्या दिवशी ते जी बातमी आणायचे, ती दुसऱ्या कुणाकडे नसायची, कारण त्या चार दिवशी दुसरं कुणी तिथे बसलेलंच नसायचं. त्यांच्या रिकाम्या चार दिवसांचा पगार ‘भाड्याने देणे आहे’मधून निघत होता. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. आता सुनावणीच्या बातम्या वृत्तसंस्थेकडून येतात. ज्या खटल्यात वृत्तसंस्थेला रस नाही, तो आमच्या लेखी चाललेलाच नसतो.

२००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतलं ‘रॉकी माउंटन न्यूज’ हे दैनिक दीडशे वर्षं पुरी व्हायला काही आठवडे उरले असताना बंद पडलं. मार्चमध्ये सिॲटलच्या ‘पोस्ट-इंटेलिजन्सर’ने छपाई थांबवून वेबवर बस्तान हलवलं. लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने मार्च २०१६ मध्ये तेच केलं.

उलटी वाटही आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये ठरावीक लेखांनंतर पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. २०२३ अखेर त्यांच्या वर्गणीदारांनी एक कोटीचा आकडा ओलांडला. पण मोठ्या झाडाला मिळालं तेवढं पाणी झुडपाला मिळेल, असा अर्थ त्यातून काढू नका. महिन्याला एखाददुसरी वर्गणी भरणारा माणूस ती बड्या नावाला देतो, जवळच्या छोट्या पत्राला नाही.

शिवाय दुकान स्वतःचं असलं तरी दुकानाकडे येणारा रस्ता दुसऱ्याचा आहे. कॅनडाने २०२३ मध्ये बड्या इंटरनेट कंपन्यांनी बातम्यांबद्दल वृत्तमाध्यमांना मोबदला द्यावा असा कायदा केला, तेव्हा फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच बंद केलं. तो ऑगस्ट होता, वणवे पेटले होते, यलोनाइफ शहर रिकामं करायची वेळ आली होती आणि लोकांना फेसबुकवर एकमेकांना बातमीची लिंक पाठवता येत नव्हती.

प्रश्न : ‘मोठा निर्णय’, ‘वाचून थक्क व्हाल’ असे मथळे देताना तुम्हाला लाज वाटत नाही का? (एक गृहिणी, पत्रात तीन उद्गारचिन्हं)

वाटते. हे मथळे येतात कसे, ते मात्र ऐका.

वेब डेस्कवर भिंतीवर एक मोठा पडदा असतो. या क्षणाला कोणती बातमी किती जण वाचताहेत, ते त्याच्यावर दिसतं. एकदा परीक्षा पुढे गेल्याची बातमी होती. मी मथळा दिला : ‘परीक्षा १५ दिवस पुढे’. माझ्या शेजारच्या मुलाने दुसरा सुचवला : ‘परीक्षेबाबत मोठा निर्णय, आधी हे वाचा’. सॉफ्टवेअर अर्ध्या वाचकांना एक आणि अर्ध्यांना दुसरा मथळा दाखवतं आणि जिंकेल तो ठेवतं. दहा मिनिटांत माझा मथळा आडवा झाला. अंतर थोडंथोडकं नव्हतं.

रात्री घरी जाताना कारण लक्षात आलं. माझा मथळा वाचून वाचकाचं काम झालं होतं. त्याला १५ दिवस कळले, आत यायची गरजच उरली नाही. छापील मथळा चांगला असला की वाचकाचा वेळ वाचायचा आणि अंकाचे पैसे तर त्याने आधीच दिलेले असायचे. इथे पैसे क्लिकवर, म्हणजे माहिती लपवली तर कमाई आणि सांगितली तर नुकसान. तो मुलगा वाईट नव्हता, पडद्यावरचा वाचक वाढल्याचा हिरवा बाण त्याला रोज शिकवत होता. मीही शिकले. त्या वर्षी मी किती ‘मोठे निर्णय’ लिहिले ते मोजायचं धाडस अजून केलेलं नाही. जिथे वर्गणीवर भागतं, तिथे असे मथळे कमी दिसतात, कारण फसवलेला वाचक पुन्हा वर्गणी भरत नाही.

प्रश्न : ऑनलाइन बातमी लवकर मिळते पण खोटी निघते. छापील बातमीवर विश्वास ठेवावा हे बरं, नाही का? (अनेक वाचक)

छापील शाई काही गंगाजल नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने अध्यक्षीय निवडणुकीत ट्रुमन हरले आणि ड्युई जिंकले, असा मथळा छापला. जिंकले होते ट्रुमन. त्या वेळी छपाई कामगारांचा संप होता, त्यामुळे पान नेहमीपेक्षा लवकर सोडावं लागलं होतं आणि मतमोजणी अर्धीच झाली होती. घाईत कागदसुद्धा खोटं बोलतो. उलट १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत विमान उतरलं, तेव्हा मदतीला निघालेल्या बोटीवरच्या एका प्रवाशाने फोनवर काढलेला फोटो ट्विटरवर टाकला. तो जगाने आधी पाहिला, छायापत्रकार नंतर पोचले. आणि तो खरा होता.

घाईचा माझा स्वतःचा हिशेब सांगते. दैनिकात आमचे मुख्य उपसंपादक पान सोडण्याआधी पहिल्या पानाच्या प्रुफावर प्रत्येक नावावर आणि आकड्यावर बोट ठेवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘हे कुणी सांगितलं?’ उत्तर नसेल तर ती ओळ जायची. पाच-सात मिनिटांचं काम, पण त्या पाच-सात मिनिटांत माझ्या निदान चार नोकऱ्या वाचल्या असतील.

वेब डेस्कवर एका संध्याकाळी एका ज्येष्ठ अभिनेत्याच्या निधनाची बातमी दुसऱ्या संकेतस्थळावर झळकली. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘टाकू का?’ मी म्हटलं, थांब. कुटुंबीयांचा फोन लागत नव्हता. अकरा मिनिटं थांबलो. मग वरून फोन आला, ‘सगळ्यांकडे आहे, आपल्याकडे का नाही?’ मी म्हटलं, टाक. सहा मिनिटांनी घरच्यांचा खुलासा आला, ते सुखरूप होते. बातमी लगेच काढली, तिच्या जागी खुलासा लावला. पण नोटिफिकेशन हजारो फोनवर गेलं होतं आणि ते परत बोलावता येत नाही. दैनिकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच वाचकाच्या हातात दिलगिरीची चौकट पडायची. इथे चूक वाचणारे वेगळे आणि खुलासा वाचणारे वेगळे. ‘हे कुणी सांगितलं?’ याचं त्या संध्याकाळचं उत्तर होतं, ‘दुसऱ्या संकेतस्थळाने.’ आणि त्यांना? बहुधा तिसऱ्याने.

तेव्हा कागद की पडदा, हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आमच्या त्या मुख्य उपसंपादकांचं बोट उसनं घ्या. बातमीत सांगणाऱ्याचं नाव आहे का, की नुसतं ‘समजते’? तारीख आजची आहे का? जुना पूर दर पावसाळ्यात नव्याने येतो. फोटो संशयास्पद वाटला तर तोच फोटो शोधयंत्राला देऊन आधी कुठे आला होता ते बघा, मिनिटभराचं काम आहे. चूक दुरुस्त केल्याची नोंद खाली दिसली तर त्या संकेतस्थळाला गुण द्या, कापू नका. गुपचूप बदलणारे जास्त असतात.

प्रश्न : मुलीला पत्रकार व्हायचंय. छापील माध्यमात पाठवू की ऑनलाइन? (एक पालक)

ती ज्या संस्थेत जाईल तिथे दोन्ही असेल, त्यामुळे ही निवड तिच्यापुढे येणारच नाही. २०१० साली अमेरिकेतल्या ‘प्रोपब्लिका’ या ऑनलाइन वृत्तमाध्यमाला शोधपत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा ऑनलाइन म्हणजे दुय्यम हा वाद माझ्यापुरता मिटला. कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेने २०१४ पासून यंत्राकडे सोपवल्या आहेत, तेव्हा प्रसिद्धिपत्रकाच्या चार ओळी फिरवून लिहिणं ती शिकत असेल तर तो वेळ फुकट जाईल. तिला तक्ते वाचता आले पाहिजेत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता आला पाहिजे आणि अनोळखी माणसाला फोन करायची भीड मोडली पाहिजे. शेवटची गोष्ट आजच्या मुलांना सगळ्यात अवघड जाते. आमच्या डेस्कवर दोन शिकाऊ मुलं होती, जी फोन उचलण्याऐवजी तासभर मेसेजच्या उत्तराची वाट बघायची.

पहिल्या मुलाखतीला जाईल तेव्हा तिने एक प्रश्न उलट विचारावा : तुमच्याकडे बातमी प्रसिद्ध होण्याआधी दुसरं कोण वाचतं? उत्तर द्यायला समोरच्याला वेळ लागला, तर पगार कितीही असो, तिने दुसरीकडेही अर्ज करून ठेवावा.