इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिशचे रूप नेमके कसे असते?

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतले गाव आणि त्याचे शिवार. झुडपांच्या कुंपणांनी आखलेल्या शेतांचे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, ते मध्य इंग्लंडमध्ये बरेचसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील, खुली शेते कुंपणे घालून विभागणाऱ्या कायद्यांनी घडवलेले आहे. त्याआधीचे रूप पाहायचे असेल, तर नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे गाव पाहावे. तेथे जड चिकणमातीची तीन विस्तीर्ण, कुंपणविरहित शेते आजही पट्ट्यापट्ट्यांनी वाटून कसली जातात आणि त्यांपैकी एक आळीपाळीने पडीक किंवा चाऱ्याखाली राहते. नांगराला न जमणाऱ्या सखल जागी गवत राखले जात असल्याने रानफुले टिकून आहेत. शेतकऱ्यांची घरे शिवारात विखुरलेली नसून गावच्या रस्त्यालगत आहेत. मला सर्वांत विलक्षण वाटते ते तेथील ‘कोर्ट लीट’ हे मध्ययुगीन परंपरेचे न्यायमंडळ: त्याचे पंच दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी गव्हाच्या शेतात फिरून हद्दी तपासतात आणि कोणी वाटेवर किंवा गवताच्या पट्टीवर नांगर घातला असेल, तर त्याला दंड होतो. (बांध कोरण्याची खोड आपल्याकडेही काही नवी नाही.) या पट्ट्यांची जुनी मांडणी १६३५ च्या नकाशात तपशीलवार पाहायला मिळते.