रात्री हेडफोन लावून तो कुणाशी बोलतो?

"रात्री साडेदहा वाजले की हेडफोन लावून बसतो. पलीकडे कुणीतरी मोठा माणूस असतो. हा त्याला काका म्हणतो. आम्ही त्या काकांना आजवर पाहिलेलं नाही." सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातून आलेल्या एका आईची ही तक्रार. अशी काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक आता वरचेवर भेटतात. गेम निरनिराळे असतात, धास्ती तीच: पोरगा परक्या माणसाचं एवढं ऐकतो कसा, आणि यातून काही वंगाळ तर घडणार नाही? या कुटुंबाच्या संमतीने त्यांचा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावी सायन्सला. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारे. पुण्याच्या मामाने स्वतःला नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा जुना भाच्याला दिला, दहावीच्या मार्कांबद्दल. त्यावर हा 'डीसीएस वर्ल्ड' खेळतो. लढाऊ विमानांचा हा सिम्युलेटर, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायचा गेम, फुकट मिळतो आणि त्याबरोबर दोन विमानंही येतात. त्यातलं एक टीएफ-५१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाचं दोन आसनी, बिनशस्त्र रूप. बाकीची बहुतेक विमानं विकत घ्यावी लागतात.

आईच्या कानावर पडायचे ते तुटक शब्द. "मागं आलाय, सिक्स बघ!" "सोडू नको त्याला." "गेला, पेटला." अर्ध्या रात्री सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलीतून हे ऐकणाऱ्या आईला झोप कशी लागेल? वडिलांचं दुखणं वेगळं होतं. "म्याडम, माझ्यासंगं धड दोन शब्द बोलत नाही. तिथं मात्र 'हो काका, चुकलं काका.' घरात कधी चुकलं म्हणालाय का, विचारा त्याला."

व्यसनाचा प्रश्न आधी पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि त्यामुळे घर, शिक्षण, नाती यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं. हा मुलगा कॉलेजला जात होता, जेवत होता, गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर हिंडून आला होता, आणि खेळ संपला की स्वतःहून उठत होता. झोप मात्र खरोखर बिघडली होती आणि फिजिक्सच्या घटक चाचणीत तो नापास झाला होता. हा विकार नव्हता. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं.

माझ्यासमोर तो आधी गप्पच होता. मी विचारलं, "मस्टँग जमिनीवरून उचलायचं कसं, सांगशील?" मग गडी बोलायला लागला. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, एकदम पुढे ढकलला की इंजिनाच्या ताकदीने विमान डावीकडे ओढलं जातं. नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडर असतो, त्याचं उजवं पेडल आधीच थोडं दाबून ठेवायचं, थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, आणि सुरुवातीला स्टिक, म्हणजे हातातली दांडी, मागे धरायची म्हणजे शेपटीचं चाक सरळ राहतं. पहिले कितीतरी दिवस तो धावपट्टीवरच पंख आपटत होता. ऑनलाइन कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. या काकांनी मात्र "चल, आज फक्त टेकऑफ करू" म्हणून संध्याकाळभर त्याच्यासोबत टेकऑफच केले.

लढाईचं शिक्षण त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. नवखा माणूस शत्रू दिसला की स्टिक पोटाशी ओढतो, वळणात वेग घालवतो आणि लटकतो. काकांनी शिकवलं की उंची म्हणजे साठवून ठेवलेला वेग, ती उधळायची नाही. नजर एकाच विमानावर खिळली की मागून येणारा दिसत नाही, म्हणून मान सतत फिरती ठेवायची. आणि विंगमनचं, म्हणजे जोडीने उडणाऱ्या सोबत्याचं, पहिलं काम शिकार करणं नाही, पुढच्याची पाठ सांभाळणं. "सिक्स बघ" म्हणजे घड्याळातले सहा, आपली पाठ. आईला जी धमकी वाटत होती ती सोबत्याला दिलेली सूचना होती. हे तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. युद्धाचा खेळ तिला आजही आवडत नाही, आणि तो आवडलाच पाहिजे असं मी तिला कधी म्हणणार नाही.

शिकवणं चांगलं म्हणून माणूस चांगला, असं मी धरून चालत नाही. पालकांनीही धरू नये. मी मुलाला सरळ विचारलं: बोलणं सगळ्यांच्या खोलीत होतं की दोघांचंच वेगळं? फोटो, पत्ता, पैसे, भेटवस्तू यांचा विषय निघतो का? "घरी सांगू नकोस" असं कधी म्हणाले का? एखाद्या दिवशी तू आला नाहीस तर रागावतात का? माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं वाईट निघाली होती. तिथे संपर्क तोडला, चॅट पुसू न देता जपून ठेवलं आणि पालकांना तक्रार करायला लावली. मुलांसाठी १०९८, पैशाची फसवणूक असेल तर १९३०, हे क्रमांक घरातल्या मोठ्यांना पाठ हवेत.

इथे उत्तरं स्वच्छ होती. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एकाच खोलीत पाच-सहा जण असायचे. खोटं बोलला होता तो हा मुलगाच: कॉलेज संपलंय, नोकरी शोधतोय, असं त्याने सांगितलं होतं. लहान म्हटलं तर घेणार नाहीत, ही भीती. मी त्याला म्हटलं, वय तूच सांगायचंस, आणि आईबाबांच्या समोर सांगायचंस.

त्याने सांगितलं. काका कोल्हापूरकडचे, स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवणारे गृहस्थ. ते थोडा वेळ गप्प झाले. मग आईला म्हणाले, "ताई, मला हे माहीत असतं तर रात्रीची वेळ दिलीच नसती. आता रविवारी सकाळीच घेऊ, आणि तुम्ही दोघंही ऐकायला बसा. स्पीकर चालू ठेवा." पालकांना ऐकू द्यायला जो शिकवणारा कां कू करतो, त्याच्यापासून मुलाला लांब ठेवा, हे मी ठामपणे सांगते.

त्या रविवारी वडील शेजारी खुर्ची ओढून बसले. मुलाने विमान पाडून घेतलं. उड्डाणानंतर काकांनी टॅकव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये नोंद उघडली. सगळ्या विमानांचा माग त्यात पुन्हा पाहता येतो. काकांचा पहिला प्रश्न होता, "तुला काय दिसत होतं? हातातून जातंय हे कधी कळलं?" मुलगा बोलला, अडखळला, स्वतःच म्हणाला की उंची आधीच संपली होती. काकांनी तेवढी एकच चूक धरली. बाकी चार दिसत असूनही सोडून दिल्या.

पुढच्या भेटीत वडीलच बोलले. "मी कारखान्यात लागलो तेव्हा आमच्या जॉबरनं आधी नुसत्या कांड्या भरायला लावल्या. धोट्याला हात लावू दिला नाही. पण धागा तुटला की ओरडायचा नाही, मला तिथं उभा करायचा आणि विचारायचा, का तुटला सांग. मी पोराला फिजिक्सचा पेपर आल्यावर काय केलं? मोबाइल, दोस्त, केस, अभ्यास, सगळं एका दमात काढलं." मी वेगळं काही सुचवायची गरज उरली नाही. त्यांनी घरी तो पेपर परत काढला आणि मुलाला एवढंच विचारलं की पहिल्यांदा कुठे अडलं. फिजिक्स त्यांना येत नाही. त्याने काही बिघडलं नाही, शिकवणीचे सर पुढचं बघतात.

"मग हा पायलट होणार का?" हेही त्यांनी विचारलं. होटगी रोडच्या विमानतळासाठी २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात विमान आहे. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत उंच चिमणी का चालत नाही, हे तो कागदावर उताराची रेघ काढून सांगतो. सिम्युलेटरने कुणी पायलट होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीसच्या आसपास असते. म्हणजे ज्या विषयात तो घसरला, तोच विषय त्याला हवा आहे. हे ऐकून मुलगा वडिलांकडे बघत होता.

आता रात्री कॉम्प्युटर बंद असतो. अलीकडे काकांनी त्याच्याकडे एक नवा खेळाडू सोपवला आहे, सांगलीचा, कॉलेजातला. आपला हा मुलगा वैतागून माझ्याकडे आला. "म्याडम, तो ऐकतच नाही. तेच तेच चुकवतो. मला ओरडावं वाटतं."

"काका तुझ्यावर कधी ओरडले?"

"एकदाच." फॉर्मेशनमध्ये, म्हणजे एकमेकांलगत रांगेत, उडताना त्याने न सांगता सोबत्याच्या नाकासमोरून विमान नेलं होतं. तेव्हा काकांनी आवाज चढवला, आणि नंतर ओस्वाल्ड बोल्केबद्दल सांगितलं. पहिल्या महायुद्धातला हा जर्मन वैमानिक. नवख्यांसाठी त्याने हवाई लढाईचे नियम घालून दिले, पुढे नावाजलेला लढाऊ वैमानिक मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन त्याच्या हाताखाली तयार झाला. आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये तो गेला, तो लढाईच्या गर्दीत स्वतःच्याच सोबत्याच्या विमानाला धडकून.

"म्हणजे दुसऱ्याला धोका झाला तेव्हाच ओरडले," मी म्हणाले.

तो जरा विचारात पडला. "हा तर फक्त स्वतःचंच विमान आपटतोय. मग रविवारी टेकऑफच घेतो त्याचे. फाइट नंतर बघू."