सॅप प्रथिन फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडलाही चिकटते. एवढ्यावरून खेप टाकू नका

विकत आणलेले मानवी सॅप प्रथिन (रोगप्रतिकारक पेशींमध्ये संदेश पुढे नेणारे छोटे प्रथिन) एसपीआरवर, म्हणजे चिपवर रेणूंची पकड मोजणाऱ्या तंत्रात, स्लॅम या त्याच पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिनाच्या फॉस्फेट असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पेप्टाइडांना (प्रथिनाच्या लहान तुकड्यांना) चिकटते, म्हणून ती खेप खराब समजून परत पाठवावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: परत पाठवू नका, कारण स्लॅमच्या बाबतीत हे सॅपचे खरे वैशिष्ट्य आहे. सॅपच्या १२८ अमिनो आम्लांत मुख्यतः एकच एसएच२ भाग आहे, म्हणजे फॉस्फेट लागलेला टायरोसिन (फॉस्फोटायरोसिन) ओळखून धरणारा भाग. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत टायरोसिनच्या दोन जागा आधीचा थ्रिओनिन आणि तीन जागा पुढचा व्हॅलिनही सॅप धरून ठेवतो असे दिसले. त्यामुळे फॉस्फेट आल्यावर पकड घट्ट होते, पण त्यावाचून ती नाहीशी होत नाही. खरी पारख टूबीफोरच्या (स्लॅमच्याच कुळातील दुसऱ्या ग्राहक प्रथिनाच्या) पेप्टाइडवर होते, कारण तिथे फॉस्फेट लागतोच. फॉस्फेट नसलेले टूबीफोरही चिकटले, तर मात्र शंका घ्या.

मी स्वतः याच टप्प्यावर अडकलो होतो, आणि सर्वाधिक वेळ गेला तो पुरवठादाराच्या तांत्रिक साहाय्य विभागाशी पत्रव्यवहार करण्यात. साठवणीच्या बफरमध्ये ग्लिसरॉल किती आहे आणि टॅग (शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेला तुकडा) नेमका कोणता आहे, एवढेच मी विचारले होते. प्रत्येक वेळी जेलवरील शुद्धता उत्तम असल्याचे तेच उत्तर आले, आणि अखेरीस बफरची घटकसूची गोपनीय असल्याचे सांगण्यात आले. जेलवर प्रथिन उलगडून धावते. त्यावरून शुद्धता कळते, ते काम करते की नाही हे कळत नाही. ज्या वस्तूसाठी संस्थेचे अनुदान खर्च होते, तिच्यासोबत बफरची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे मी आजही ठामपणे मानतो.

ही माहिती महत्त्वाची का, तर चिपवरून वाहणारा प्रवाहाचा बफर आणि नमुन्याचा बफर यांतील ग्लिसरॉल जुळत नसेल, तर आलेखावर येणारी उडी बंधासारखी भासते. शिवाय टॅग जीएसटी (ग्लुटाथायोनला चिकटणारे एक प्रथिन) असेल तर तो जोडीने राहतो, चिपवर दोन सॅप एकाच वेळी पकड घेतात आणि सुटण्याचा वेग प्रत्यक्षाहून मंद दिसतो. म्हणून प्रथिन आधी प्रवाहाच्याच बफरमध्ये डायलिसिस (सच्छिद्र पडद्यातून बफर बदलणे) करून घ्या. सॅप सुमारे १४ किलोडाल्टनचे असल्याने पडदा साडेतीन किलोडाल्टनहून मोठे रेणू अडवणारा वापरा. जीएसटी असेल आणि कापण्याची जागा ठेवलेली असेल, तर तो कापून ग्लुटाथायोनच्या स्तंभाने वेगळा करा. फॉस्फोटायरोसिन धरणारा, ३२व्या जागेवरचा आर्जिनिन बदललेले सॅप तुलनेच्या नियंत्रणासाठी मिळाले तर उत्तमच. लहान भाग करून गोठवा. तोच नमुना वारंवार वितळवू नका.

माझा अनुभव फक्त पेप्टाइडबंधांपुरता आहे. आपल्या प्रश्नात एक्सएलपी (सॅपच्या जनुकातील दोषामुळे होणारा प्रतिकारशक्तीचा आनुवंशिक विकार) झालेल्या मुलाच्या निदानाचाही उल्लेख आहे. त्यासाठी या मोजणीवर विसंबू नये, एसएच२डी१ए या सॅपच्या जनुकाची तपासणी आणि पेशींतील सॅपची फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीतील प्रथिन मोजणारी चाचणी) हाच मार्ग आहे, आणि तो निर्णय प्रतिकारशक्तीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडेच राहू द्यावा.